गुरुवारचं टेबल

हिंजवडीजवळ माणमधल्या त्या खेळाच्या कॅफेत मी पहिल्यांदा गेलो ते टेबलांचे लोखंडी पाय बसवायला. भोसरीत आमच्याच वर्कशॉपमध्ये ते केले होते. काम संपलं तरी मी तिथेच रेंगाळलो. एका टेबलाशी एकजण गोष्ट सांगत होता, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं झाले होते, आणि फासे पडतील तसं पुढचं घडत होतं. कॅफेची मालकीण, सगळे तिला ताई म्हणतात, मला म्हणाली, "बस की. खुर्ची रिकामीच आहे." नववीत शाळा सोडलेल्याला असं कुणी बसवून घेत नाही. म्हणून पुढचं तिच्याबद्दलची तक्रार म्हणून वाचू नये.

पुढे तिनंच मला गोष्ट सांगायला बसवलं. रविवारी ड्युटी सुटली की संध्याकाळी मी आयटीतल्या मुलांना किल्ले, जादूगार आणि ड्रॅगन सांगायचो. टेबल भरलेलं असायचं. शिक्षण किती, असं कुणी विचारेल या धास्तीनं मी मात्र गोष्ट थांबू द्यायचो नाही.

मला सांगायची होती आमची कोकणातली खाडी. भरतीला अर्धं गाव पाण्यात, ओहोटीला चिखलावर बाजार. तलवार नाही. पाणी चढायच्या आत बाळंतपणात अडलेल्या एका बाईला होडीनं पलीकडे दवाखान्यात न्यायचं, एवढंच. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि गुरुवार दिला. "रविवार मोडता येणार नाही रे. पण गुरुवारी तुला सुट्टी असते ना?"

भोसरीतल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. आयटीवाल्यांना शनिवार-रविवार. माझी गोष्ट ऐकली असती तर त्यांनीच, आणि ते गुरुवारी रात्रीपर्यंत ऑफिसात. काही गुरुवार मी रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलो.

मग माझ्या खोलीवर राहणाऱ्या दोघांना घेऊन गेलो. एक बीडचा, एक माझ्याच तालुक्यातला. बीडचा थोडा वेळ फासे हातात घोळवत राहिला.

"भावा, ह्यात मारामारी कवा हाय?"

"नाही. पाणी चढतंय, होडी काढायची."

"म्हंजे सुट्टीच्या दिवशी बी कामच. अन् सुपरवायझर तू."

ताईसुद्धा हसली. मी दुसऱ्याकडे बघितलं. चिखलात पाय कुठं टाकायचा, हे त्याला तरी समजावायला नको होतं.

"तेच सोडून आलो ना रे इकडे," तो म्हणाला. "तो रविवारचा ड्रॅगन लाव की."

निघताना ताईनं मला बाजूला घेतलं. "पुढच्या महिन्यापासून गुरुवार नको. रविवारी ड्रॅगनचं अजून एक टेबल घेशील? लोक तुलाच मागतात."

तिचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणालो, वर थँक्यूही. ही खुर्ची गेली तर दुसरी कोण देणार मला?

हल्ली बसमध्ये डोळे मिटून खाडी आठवून बघतो. होडी पलीकडे लागते, ती बाई उतरते. समोर दवाखाना नसतो, दगडी बुरूज असतात. मग मी डोळे उघडतो आणि त्या बुरुजांना दरवाजे किती ठेवायचे, ते रविवारसाठी ठरवतो.