जाळरेषेवरचा गोठा

मी गाव सोडलं त्या सकाळी गोंडपिपरीच्या बसथांब्यावरही धुराचा वास होता. मार्च महिना, मोहफुलांचे दिवस. आमच्याकडे मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी करतात, म्हणजे पडलेली फुलं नजरेत भरतात आणि भराभर वेचून होतात. बाबा जाळ लावूनच मला पोचवायला आले होते. हाताची राखही धुतली नव्हती. बस हलली तेव्हा म्हणाले, "जा. पण तुह्यी झाडं आता गजाले. जाणाऱ्याले झाडं कायले पाहिजे?"

गजा म्हणजे माझा थोरला भाऊ. झाडं म्हणजे जंगलाच्या काठावरची सात मोहं. चार त्याची, तीन माझी. कागदावर ती कुणाचीच नाहीत, पण कोणतं झाड कुणी वेचायचं हे आमच्या गावात पिढ्यांपासून ठरलेलं असतं. माझी तीन बस थांबा सोडायच्या आत गेली. तो राग मी वीस वर्षं सांभाळला. खोटं कशाला लिहू, त्या रागावरच मी उभा राहिलो.

आधी मुंबईच्या गोदीत हमाली, मग जहाजावर खलाशी, आणि शेवटी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंदराचं गाव. कुणी हात धरून आणलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळवलं. इथल्या कम्युनिटी कॉलेजात एकाच इमारतीत आग विझवणं, पर्यावरण आणि जहाजावरचं काम शिकवतात. चाळिशी ओलांडल्यावर मी तिथं नाव घातलं. माझी खलाशीपणाची वर्षं धरा आणि जहाजाचे तास माफ करा, म्हणून ऑफिसात तावातावाने भांडलो आणि अर्धे तास माफ करून घेतले. आगीच्या तासांत मात्र माझं काही चाललं नाही.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, जंगलात आग कुणी लावली आहे का? मी हात वर केला. वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मोहाची सगळी रीत माझ्याकडून ऐकून घेतली आणि विचारलं, "मग विझवतं कोण?" आम्ही कधी विझवलीच नव्हती. गुरं गवत खाऊन टाकायची, बायका पडलेलं लाकूड उचलून न्यायच्या, आणि जंगल व गाव यांच्यामध्ये जाळरेषा असायची, म्हणजे दरवर्षी साफ केलेला मोकळा पट्टा. आग तिथवर यायची आणि उपाशी मरायची.

यंदा वहिनीने नवा गोठा दाखवायला व्हिडिओ कॉल केला. ती म्हैस दाखवत होती, मी मागचं बघत होतो. गोठा बरोबर जाळरेषेवर बांधलेला. त्याला टेकून तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग. ढिगामागे बांबू, त्याला मागे फुलोरा येऊन गेला, तेव्हापासून सगळं बेट उभ्या उभ्या वाळलंय. त्याच्या पलीकडे आमची मोहं. घरापासून झाडांपर्यंत एक वातच वळून ठेवलेली.

मी गजाभाऊला म्हणालो, तणस हलव, आणि या वर्षी जाळू नको, झाडून घे, नाहीतर खाली जाळी अंथर. तो हसला. "अमेरिकेत बसून मले मोह वेचाले शिकवून राह्यला? सरळ सांग ना, तीन झाडं पाहिजेत तुले!"

तिथं मी गप्प राहायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं. "हो, पाहिजेत! माहीच आहेत ते!"

झालं. आगीची गोष्ट संपली, झाडांची सुरू झाली.

आठवडाभर धुमसत राहिलो. मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या विरुद्ध सौदा केला. तिन्ही झाडांवर माझा हक्क नाही, असं कागदावर लिहून सही केली आणि फोटो पाठवला. बदल्यात फक्त तणस हलव म्हटलं. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याचा रेकॉर्ड केलेला निरोप आला: "कागद पाह्यला. तू फुकट काई देणारा नाई, लहानपणापासून ओळखतो तुले. आता खरं सांग, काय भेटून राह्यलं तुले याच्यात?"

तणस तिथंच आहे.

माझ्यासारखे जे गाव सोडून गेले ते म्हणतात, गाव आपल्याला विसरलं. माझं गाव मला विसरलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या परक्याचं तरी त्यांनी ऐकलं असतं.

कॉलेजात उपग्रहाचा नकाशा बघायला शिकवलं. जमीन जिथं तापते तिथं लाल ठिपका येतो. मार्च लागल्यापासून रोज सकाळी तो उघडतो. आज आमच्या गावाच्या काठावर ठिपका आहे. तो एवढा मोठा की त्याखाली मोहं, बांबू, तणस, गोठा, घर, सगळंच झाकलं जातं. त्यातलं काय जळतंय ते कळत नाही. तिकडे आता दिवेलागण झाली असेल. गजाभाऊ एव्हाना घरी यायला हवा. फोन लागत नाही. वहिनीचाही नाही.

घर कुठलं विचारलं की मी तालुका, जिल्हा सांगायचो. आज घर म्हणजे एवढंच: त्या ठिपक्याच्या आतून कुणीतरी फोन उचलावा आणि मला शिव्या घालाव्यात. मी परत लावतोय.