बोधिधर्मकाकांचं ताई ची

जगातली कुठलीही गोष्ट मूळची भारताची, हे सिद्ध करायला सुधाकरकाकांना दोन मिनिटं पुरत. नूडल्स म्हणजे शेवया, पिझ्झा म्हणजे थालीपीठ. पुरावा मागणं हा देशद्रोह. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आम्ही त्यांना बोधिधर्मकाका म्हणायचो, कारण चीनच्या सगळ्या युद्धविद्या आपल्याच बोधिधर्म नावाच्या भिक्षूने तिकडे नेल्या, हे ते दर गणपतीत, प्रसाद अडवून सांगत.

बर्फावर घसरून खुबा मोडला, तसे काका घराबाहेर पडेनासे झाले. तोल सावरायला डॉक्टरांनी ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धविद्या, सुचवली. "आपलीच विद्या, आणि शिकायची चिन्यांकडून!" असं कुरकुरत ते शेजारच्या गावातल्या सीनियर सेंटरमध्ये गेले, हातात बोधिधर्माची फाईल घेऊन. ड्रायव्हर मी, म्हणून साक्षीदारही मीच. शिकवायला ऐंशीच्या लिऊबाई. काकांनी त्यांना वीस मिनिटं बोधिधर्म ऐकवला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "व्हेरी गुड. नाऊ, वन लेग."

सनातन परंपरा तीन सेकंदांत खुर्चीवर येऊन आदळली.

"बाई फार हट्टी आहे," परतताना काका म्हणाले. आणि मग, "पुढच्या आठवड्यात कितीला निघायचं?"

हळूहळू त्यांना बाईंची हकिकत कळली. ही विद्या हनान प्रांतातल्या त्यांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. सरकारने तिच्यावर बंदी घातली, तेव्हा आजोबांनी नातीला धान्याच्या कोठारात, दार लावून शिकवलं. काकांनी मला हे गाडीत सांगितलं आणि घर येईपर्यंत भारताचं नावही काढलं नाही. मला वाटलं, ताप आला असावा.

दोन वर्षांनी सेंटरने वर्ग बंद करायचं ठरवलं. खोली बिंगोच्या खेळाला हवी होती. मीटिंगमध्ये काका माइकपाशी गेले, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आता बोधिधर्म निघणार!

"धिस इज हर ग्रँडफादर्स आर्ट," काका म्हणाले. "आय वॉज अफ्रेड टु वॉक. शी टॉट मी. प्लीज, ती खोली..." इंग्रजी तिथेच संपलं. पण ते माइकपासून हलले नाहीत. वर्ग वाचला. बिंगो शुक्रवारी गेला.

गेल्या मार्चमध्ये काका हार्ट अटॅकने गेले. फ्यूनरल होममध्ये आम्ही त्यांचे किस्से सांगून हसलो, रडलो. मग लिऊबाई पुढे आल्या. त्यांनी बूट काढले, काकांच्या समोर उभ्या राहिल्या आणि ताई चीचे सगळे हात संथपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवले. आमची फोनवेडी पोरंही खिशात हात घालायला विसरली.

मग बाई माझ्यापाशी आल्या. वर्गात काकांची जागा रिकामी आहे, एवढंच म्हणाल्या.

आता दर आठवड्याला मी जातो.