बुधवारचे पडदे

बंगल्याच्या पहारेकऱ्याचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला ‘हातनका’ म्हणत, आणि त्यात चूक त्याचीच. दीडशे वर्षांच्या, आता संग्रहालय झालेल्या त्या बंगल्यात तो सव्वीस वर्षं एकच वाक्य म्हणत आला होता: “हात नका लावू!” खुर्चीला नका, कठड्याला नका, भिंतीला तर मुळीच नका. बायको म्हणायची, हा झोपेतही पाहुण्यांना हुसकावतो.

व्हायचं तेच झालं. लांबून येणारे तुरळक पाहुणे सोडले तर बंगल्याकडे चिटपाखरू फिरकेना. समोरच्या गल्लीतली माणसं तर वळसा घालून जायची. शेवटी वरून हुकूम आला: उन्हाळ्यापर्यंत वर्दळ वाढली नाही तर बंगल्याला कुलूप. हातनकाच्या पायाखालची जमीनच सरकली. नोकरी काय, दुसरी मिळाली असती; पण त्याचा जीव ह्या बंगल्यावर होता.

नव्या व्यवस्थापकबाई मात्र खमक्या. “घर गल्लीचं झालं तरच टिकेल,” त्या म्हणाल्या. दिवाणखान्याचे मखमली पडदे जागोजागी विरले होते. ते बाहेर न पाठवता गल्लीतल्या बायकांनी दर बुधवारी इथेच बसून दुरुस्त करायचे, असं ठरलं. कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या काकू आठ जणींना घेऊन आल्या. चटया पसरल्या, गप्पांना रंग चढला. एकीने पडद्याची किनार हातात घेतली मात्र, दारातून तोफ उडाली: “हात नका लावू!”

सव्वीस वर्षांची सवय, त्याचं त्यालाच कळलं नाही. व्यवस्थापकबाईंनी कपाळावर हात मारला. बायकांनी सुया पिशवीत टाकल्या आणि सगळ्या जणी तरातरा निघून गेल्या. पुढच्या बुधवारी कुणी आलं नाही.

मग हातनका स्वतःच काकूंच्या दुकानात गेला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

काकूंनी मशीन थांबवलं नाही. “पडदे राहू द्या. आधी तुमच्या तोंडाला टाके घालते.”

“घाला. पण या हो. नाहीतर कुलूप लागेल.”

त्याचा आवाज चिरकला, तसं मशीन थांबलं.

“येऊ,” काकू म्हणाल्या. “पण तुम्ही दारात उभं राहायचं नाही. आमच्यात बसून सुया ओवायच्या.”

बुधवारी हातनका मांडी घालून बसला, हातांत बंगल्यातल्या वस्तू हाताळायचे पांढरे हातमोजे. मोजे घालून सुई ओवायची त्याची खटपट बघून बायकांची हसून मुरकुंडी वळली.

“काढा ते,” काकू म्हणाल्या आणि पडद्याचं टोक त्याच्या मांडीवर टाकलं. “आणि हे धरा घट्ट.”

त्याने मोजे काढले. उघडा तळवा मखमलीवरून एकदा फिरवला, मग परत फिरवला. त्याचे डोळे भरून आले.

“काय झालं हो?” काकूंनी विचारलं.

“इतकं मऊ आहे होय हे!” तो म्हणाला. “मी कधी हात लावलाच नव्हता.”

हसणं थांबलं. ज्या बाईवर तो ओरडला होता, ती चटईवरून जवळ सरकली.

“आम्ही तरी कुठे लावला होता?” ती म्हणाली. “जन्म गेला बाहेरून खिडक्या बघण्यात.”

संध्याकाळी बंगला बंद करायची वेळ झाली, टळूनही गेली. कुणी उठेना, आणि हातनकाने कुणाला उठवलं नाही.