दोनदा गायलेलं गाणं

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "हो का..." म्हणून फोन ठेवला आणि शिट्ट्या मोजायचंच विसरले. भात लागला. आता महिना होत आला, तरी मन अजून त्याच्या अंधेरीच्या स्टुडिओतच घुटमळतंय... भिंतींना काथ्याच्या गाद्या, पंखा बंद, आणि काचेपलीकडे माझा हा शाळासोबती, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, झोपेत हसल्यासारखा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी जोगेश्वरीच्या चाळीतली, गिरणी सुटून घरी बसलेल्या बाबांची मुलगी. कुडाळचं स्थळ आलं होतं, आणि त्यांना गाणारी सून नको होती. बाबा म्हणाले, "तुझी कॅसेट एकदा आयकतंय, मगे ठरवूया." बस्स, माझं सगळं नंदूच्या स्टुडिओत भरायच्या त्या कॅसेटवर येऊन थांबलं.

नंदूला तेव्हा स्टिरिओचं वेड लागलेलं. "उषे, तुझा आवाज असा पसरवतो ना, की भिंतीच राहणार नाहीत!" त्याने माझा एकच आवाज दोन्ही बाजूंना दिला आणि एका बाजूच्या वायरी उलट्या जोडल्या. हेडफोनमध्ये ऐकलं, आणि अगं बाई! मी खोलीभर होते, खोलीच्या बाहेर होते, धुक्यासारखी कुठेही... झकास!

घरी बाबांच्या टेपला स्पीकर एकच. पेटी वाजली, तबला वाजला. मी नाहीच. मागे नुसता पुसट घुमारा. बाबा बराच वेळ कान लावून बसले, मग हळूच म्हणाले, "गो, ह्यात तू खंय आसस?" माझी तर वाटच लागली. रडतच अंधेरी गाठली.

नंदूने कपाळावर हात मारला. "एका स्पीकरमध्ये दोन्ही बाजू एकत्र येतात गं. एक पुढे ढकलते तेव्हाच दुसरी मागे ओढते. दोघींनी मिळून तुला पुसून टाकलं. चूक माझी." मग नवी टेप चढवत म्हणाला, "आता खरोखर दोनदा गा. पहिलं डावीकडे ठेवतो, दुसरं उजवीकडे. दोन्ही वेळा तूच, पण हुबेहूब तेच कसं होईल? म्हणून पुसलंही जाणार नाही."

"तेच गाणं परत? घसा बसलाय रे माझा!"

"बसू दे ना यार. बसलेलाही तुझाच आहे."

ती कॅसेट घेऊन तो स्वतः घरी आला. बाबांनी शेवटपर्यंत ऐकली. टेप थांबली तसे म्हणाले, "आता गावलंस," आणि टोपी चढवून कुडाळकरांना नकार कळवायला निघाले. नंदूने टेप मागे फिरवून तेच गाणं परत लावलं. मी त्या दिवशी इतकी हसले, इतकी रडले, की आईने दोघांनाही चहा दिला आणि गप्प केलं.

परवा सकाळी तंबोरा घेऊन बसले. तेच गाणं गायले... एकदा. संपलं तशी वाट बघत राहिले, कोणीतरी परत गायला सांगेल म्हणून. मग नंदूचा भयंकर राग आला. असं अर्ध्यावर टाकून कोणी जातं का रे? डोळे पुसले, तारा पुन्हा छेडल्या, आणि कोणी न सांगता दुसऱ्यांदा गायले.