ठरावातलं नाव

साहेबरावांनी चौतीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून घंटा दिली, पण दिवसभर बसून भाषणं ऐकायची पाळी त्यांच्यावर सत्तरीत आली. नांदेडला साहित्य संमेलन भरलं होतं. अहमदपूरहून पहिल्या एसटीनं ते बायकोला, नागुबाईंना घेऊन आले, ते एकाच कामासाठी. समारोपाला शोकठरावात वर्षभरात गेलेल्या लेखक-कवींची नावं वाचतात आणि सगळा मंडप उभा राहतो. त्यात आपल्या लेकाचं, आनंदराजचं नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आनंदराज कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. आज कायम होईल, उद्या कायम होईल, म्हणत त्यानं बारा वर्षं काढली आणि गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मोटारसायकलच्या अपघातात गेला. मागं राहिलं पदरच्या पैशानं छापलेलं कवितांचं एक पातळ पुस्तक. नागुबाईंना वाचता येत नाही, आता धड ऐकूही येत नाही. तरी पुस्तक पिशवीत घालून त्या आल्या होत्या.

दारातच साहेबरावांनी एका बिल्लेवाल्या कार्यकर्त्याला चिठ्ठी दिली.

"साहेब, माझ्या लेकाचं नाव हाय. कवी व्हता. ठरावात घ्या."

"घेऊ ना काका. संध्याकाळी," म्हणत त्यानं चिठ्ठी वरच्या खिशात टाकली. यादी आठ दिवसांपूर्वीच छापून आली होती. ते म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर सांगणं त्याच्या जिवावर आलं असावं.

मग दोघं बसून राहिले. एका लेखकानं खेड्यातल्या माणसाच्या दुःखावर तासभर भाषण केलं, त्यात नमनालाच घडाभर तेल गेलं. एका बाईंनी मात्र आपल्या आईची गोष्ट इतकी साधी सांगितली, की साहेबरावांना रुमाल काढावा लागला. दर भाषणानंतर नागुबाई कोपरानं ढोसायच्या.

"घेतलं का?"

"न्हाई आजून. शेवटाला हाय."

जेवायलाही त्या उठल्या नाहीत. तेवढ्यात नाव घेतलं तर? बरोबर आणलेली भाकरी खुर्चीतच खाल्ली.

सहाला ठराव आला. साहेबरावांनी कानांत प्राण आणले. पुण्याची, मुंबईची मोठमोठी नावं झाली. दोन नावं लातूरचीही निघाली, तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकले. मग वाचणाऱ्यानं चष्मा सारखा केला.

"...आणि इतर ज्ञात-अज्ञात साहित्यिकांना हे संमेलन श्रद्धांजली वाहत आहे."

मंडप उभा राहिला. साहेबराव बसूनच राहिले. बारा वर्षं पोरं ज्याला सर, सर करत होती, तो अज्ञात! त्यांना संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली, आपण चिठ्ठी घेऊन दारात उभे राहिलो याची. नागुबाईंनीच दंडाला धरून त्यांना उठवलं. हजारभर माणसं माना खाली घालून उभी होती.

"घेतलं का हो?" त्या शांततेत नागुबाईंचा आवाज मोठाच आला. पुढच्या दोन-चार माना वळल्या.

साहेबराव त्यांच्या कानाशी वाकले. "घेतलं."

नागुबाईंनी पदर सावरला, सगळ्या मंडपावरून नजर फिरवली. "लई मानसं उभी राहिली की आनंदासाठी."

"हाव."

"कवी म्हनले का त्याला?"

"म्हनले," साहेबराव म्हणाले आणि लोक खाली बसले तरी ते उभेच राहिले.