महादेवाच्या विहिरीची पाळी

नगरच्या थंडीबद्दल लोक फार गोड लिहितात. हुरडा, शेकोटी, उसाचा रस. आमच्या ओढ्याकाठी एक हिवाळा काढला असता तर त्यांची लेखणी एवढी गोड चालली नसती. ओढा खोलगट, त्यामुळे गावातली सगळी थंडी जणू उतरून तिथेच मुक्कामाला यायची. सकाळी खुरपं हातात धरलं की ते हाताला चिकटल्यासारखं वाटे. बोटांच्या पेरांना भेगा पडत, त्यांत माती जाई आणि ती माती होळीपर्यंत निघत नसे.

युद्ध चालू होतं. धान्य रेशनवर, रॉकेल रेशनवर, भाजी नुसती नावाला. तेव्हा सरकारला जाग आली आणि पडीक जमिनी लोकांना भाजीसाठी वाटायचं ठरलं. आमच्या पेठेमागे ओढ्याच्या काठाला जिथे बाभळी आणि गाढवं यांच्याखेरीज काही दिसत नव्हतं, त्या जमिनीचे तुकडे पाडले. कारकून, मास्तर, पेन्शनर, पलटणीत गेलेल्या शिपायांच्या बायका, अशांना ते दिले. लोक ऐटीत त्याला 'मळा' म्हणत. दोन बैलगाड्या उभ्या केल्या तर भरून जाईल एवढा एकेकाचा मळा! अट अशी की संक्रांतीनंतर साहेब पाहणीला येईल तेव्हा पीक उभं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तुकडा काढून घेणार आणि शेजारच्याला जोडून देणार.

बाबा कचेरीत कारकून. तुकडा त्यांच्या नावावर, राबायला मी. मॅट्रिक होऊन घरी बसलेली, त्यातून सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायच्या नादाला लागलेली मुलगी मातीत गुंतवली की दाराशी पोलीस येणार नाहीत, असं त्यांना वाटे. पत्रकं मी तरीही काढत होते. किल्ल्यात कोण कोंडले आहेत हे अख्ख्या गावाला ठाऊक असताना गप्प बसून बटाट्याला माती लावत राहणं माझ्याच्यानं होत नव्हतं. मी दोन्ही करत होते.

शेजारचा तुकडा वहिनींचा. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या, पाथर्डीकडच्या, कुणब्याच्या घरातल्या. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडे कुठेतरी. तो गेल्यावर दिराच्या घरात त्यांचे असे हाल झाले की एक दिवस गाठोडं उचलून त्या नगरला आल्या आणि आमच्या पेठेत एका पडवीत राहू लागल्या. मळ्यातली भाजी कोपऱ्यावर बसून विकायची, त्यावर पडवीचं भाडं द्यायचं. तुकडा हातात राहिला तर नगरात राहता येईल. गेला तर पुन्हा दिराचं दार. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. हिवाळ्यात त्यांनी सगळ्या तुकड्यात बटाटा लावला. आमच्यापेक्षा त्यांचा पाला दाट होता.

पाणी महादेवाच्या विहिरीचं. देऊळ जुनं, विहीर त्याहून जुनी, आणि दोन्हींचा कारभार अण्णांकडे. अण्णा म्हणजे पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. कानटोपी, वर मफलर, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय. मोट चाले, पाणी पाटातून येई आणि ज्याची पाळी असेल तो आपल्या वाफ्याचं तोंड उघडून दारं धरी, म्हणजे फावड्याने पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवी. नियम अण्णांचे. बाजूला बसलेल्या बाईने विहिरीकडे फिरकायचं नाही, पाटाला हात लावायचा नाही. देवाचं पाणी आहे. दुसरा नियम, एकाची पाळी दुसऱ्याने घ्यायची नाही. चुकली ती चुकली, पाणी पुढच्याला. हा नियम भांडणांमुळे झाला होता आणि तसा तो बरोबरही होता. पण दोन्ही नियम एकत्र आले की त्यांच्यामध्ये कोण सापडतं, हे बघायला मात्र कुणाला सवड नव्हती.

एकदा मी वहिनींना सरळ विचारलं, "तुमच्याकडे शेतात हे चालतं?"

"कुटलं वो! आमच्यात कोन बाजूला बसतंय? ज्वारी काय चार दिस थांबती व्हय?"

"मग इथे कशाला सांगता? कुणाला कळणार आहे?"

"म्हादेवाची हीर हाय, ताई. तिथं खोटं कसं बोलू?"

मी दर महिन्याला खोटं बोलत होते. चारही दिवस विहिरीवर जात होते, पाटात पाय धूत होते. ना पाणी आटलं, ना माझा एक बटाटा सुकला. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला आणि मग पदरात तोंड घालून एवढ्या हसल्या की खोकला लागला. पण त्यांनी स्वतः काही तसं केलं नाही.

पौषात ती संध्याकाळ आली. दुपारपासून वारा पडला होता. आभाळ काचेसारखं. ढगाचं एक बोट नाही. अशा दिवशी मळ्यातलं कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. सगळ्यांना माहीत, आज थंडी जाळणार. बटाटा वाचवायचा एकच उपाय, दिवे लागायच्या आत वाफे भिजवून ठेवायचे. ओली जमीन ऊब धरते. बहुतेकांचे वाफे आधीच्या दोन दिवसांत भिजले होते. वहिनींचे आणि आमचे तेवढे कोरडे राहिले होते. संध्याकाळची पाळी वहिनींची होती, तिच्यापुढे आमची.

आणि वहिनी कुंपणाबाहेर दगडावर बसल्या होत्या. गुडघ्यांभोवती हात, अंगावर घोंगडीचा तुकडा. काय ते सगळ्यांना कळलं.

मी फावडं उचललं. "वहिनींची दारं मी धरते."

अण्णा म्हणाले, "एकाची पाळी दुसऱ्याने घ्यायची नाही."

"मग त्यांना येऊ द्या."

"ते शक्य नाही. तुला समजतं."

"समजतं ना! म्हणजे पाळी आहे म्हणून पाळी नाही!"

आम्ही शाळा शिकलेल्या मुली बायकांच्या महिन्याला 'पाळी' म्हणायचो. मळ्यात पाळी म्हणजे पाण्याची. दोन्ही एका वाक्यात, पुरुषांच्या घोळक्यासमोर, कारकुनाच्या लग्नाच्या मुलीने म्हटल्या.  मग एक मास्तर फिस्सकन हसले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघंतिघं.

"काय जीभ आहे!" कुणी म्हणालं. "पत्रकातसुद्धा असंच लिहिते म्हणे."

"लिहीन की," मी म्हटलं. "आणि ऐका. मी गेल्या महिन्यात चारही दिवस या विहिरीवर होते. त्याच्या आधीच्या महिन्यात पण. काय झालं तुमच्या पाण्याला? घाला मला बाहेर. काढून घ्या आमचा तुकडा."

मला वाटलं, आता वीज कोसळेल. मला ती कोसळायला हवी होती. माझा तुकडा गेला असता तरी चाललं असतं, नियम तर उघडा पडला असता. पण अण्णांनी नेहमीसारखं माझ्या डोक्यावरून पलीकडे, कचेरीतून परस्पर येऊन मागे उभ्या राहिलेल्या बाबांकडे पाहिलं आणि थंडपणे म्हणाले, "मुलीला घरी न्या. हिवाने डोकं धरलं असेल तिचं. लहान आहे, मनावर घ्यायचं नाही."

संपलं. मी ओरडून सांगितलेलं खरं ठरलंच नाही, कारण मी कारकुनाची मुलगी. वहिनींनी तोंडातून शब्दही न काढता सांगितलेलं मात्र पक्कं खरं, कारण त्या दगडावर बसलेल्या. 

पाटाचं पाणी तोवर वहिनींच्या वाफ्यांच्या बंद तोंडांवरून पुढे सरकून आमच्या बांधाशी येऊन तटलं होतं. फुगत होतं.

"वाफ्याचं तोंड उघड," बाबा म्हणाले.

"नाही."

"अगं, पाणी वाया जातंय. त्यांना तर मिळत नाहीच. आपलेही जाळायचे का?"

मी फावडं टाकलं. बाबांनी धोतर खोचलं, फावडं घेतलं आणि स्वतः दारं धरली. कचेरीतल्या माणसाला जमेल तशी, वेडीवाकडी. आमचे वाफे भिजले. मी कुंपणाबाहेर जाऊन वहिनींजवळ बसले. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी कशाला बोल्लात? आता तुमचं लगीन कोन जमवंल?" थट्टाच होती. पण त्यांची नजर वाफ्यांवरून हलत नव्हती.

सकाळी सगळ्या ओढ्यावर पांढुरकं दंव गोठलं होतं. ऊन आलं तसं ते उतरलं आणि खालचं दिसू लागलं. वहिनींचा पाला काळा पडला होता, उकळतं पाणी ओतल्यासारखा. हात लावला की गळून हातात येई. बांधाच्या अलीकडे आमचा पाला हिरवा, टोकाला थोडा करपलेला. मधे वीतभर बांध.

त्या सकाळी गर्दी जमली. वाईट वाटलं सगळ्यांना, खरंच वाटलं. अण्णा म्हणाले, "दैव!" मी म्हटलं, "दैवाने कानटोपी घातली होती." यावर कुणी हसलं नाही.

पाहणीच्या दिवशी साहेब आला, खिशात हात घालून काळ्या तुकड्यापुढे उभा राहिला आणि पीक उभं नाही म्हणाला. का नाही, हे त्याने विचारलं नाही. मी पुढे होऊन सांगू लागले तर त्याच्या शिपायाने मला बाजूला केलं. तुकडा शेजारच्याला जोडायचा. शेजारी आम्ही.

वहिनींनी तुकडा सोडायच्या आधी जमीन उकरली. मी मदतीला गेले. खाली बटाटे होते, पण सुपारीएवढे, काही तर बोरांएवढे. त्या एकेक पुसून पदरात टाकत होत्या.

"मी अर्ज करते," मी म्हटलं. "पत्रक काढते. पेठेत भिंतीवर लावते."

"काय लिव्हनार? माझं बाजूला बसनं?" त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात, नुसता थकवा. "नगा लिवू, ताई. दिराच्या घरी जायाचंय मला. ते तिथं कुनी वाचलं तर?"

"तिकडे काय करणार?"

"काय करनार! पानी न्हाईच तिकडं. पाळी चुकायची भीती न्हाई." आणि त्या हसल्या. त्या विनोदाला मी हसले नाही. आज वाटतं, हसायला हवं होतं. त्यांनी तो माझ्यासाठी केला होता.

पत्रक मी लिहिलं नाही. त्यांनी नको म्हटलं होतं.  हे आता लिहिते आहे ते नाव न घालता.

बाबांनी त्या तुकड्यात मेथी टाकली. चांगली आली. आईने जुडी निवडायला पुढ्यात ठेवली तेव्हा मी उठून गेले. "अन्नावर कसला गं राग?" आई म्हणाली आणि स्वतः निवडत बसली. रात्री सगळ्यांच्या पानात ती भाजी होती. मीसुद्धा खाल्ली. रेशनच्या ज्वारीबरोबर दुसरं काही नव्हतंच घरात.