गुरुवारचं मैदान

आमच्या क्लबाच्या मॅचा गुरुवारी व्हायच्या. आयटीतल्या पोरांना हे सांगितलं की हसतात. अरे बाबांनो, इकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, मग रविवारी कामावरची माणसं काय डबा घेऊन फुटबॉल खेळणार? अर्धा संघ चाकणला कामाला, उरलेला गावठाणातला. गोलकीपर गॅरेजवाला, इथल्याच जुन्या मुसलमान घरातला. त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. क्लब त्यानेच काढला. कपडे बदलायचो त्याच्या गॅरेजात, त्यामुळे आमच्या जर्सीला कायम ऑइलचा वास.

मैदान मात्र आबांचं. आबा म्हणजे रावेतच्या अलीकडच्या जुन्या शेतकरी घरातले वडीलधारे. त्यांच्या पडीक रानातले दगड वेचून आम्ही गोलपोस्टचे बांबू रोवायला निघालो, तेव्हा विचारायला गेलो. म्हणाले, "खेळा की. गवात तरी तुडवलं जाईल." कागद नाही, काही नाही. पुढे ते स्वतःच बांधावर येऊन बसायला लागले. ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. पंचाने शिट्टी मारली की ओरडायचे, "आरं, गोल झालाय ना? मंग कशाला फुकतोय?"

शेजारची रानं एकेक करून बिल्डरांनी घेतली. आबांचं राहिलं, कारण ते त्यांच्या एकट्याचं नव्हतंच. सातबाऱ्यावर चुलत भावांचीही नावं. हे आम्हाला माहीत होतं. पण आबांनी खेळा म्हटल्यावर भाऊबंदही काही बोलत नव्हते. सगळं गुपचूप चाललं होतं, आणि तसंच चालू द्यायला हवं होतं.

पण आपल्याकडे फ्लेक्स लावल्याशिवाय कुणाला चैन पडतंय का! वाढदिवसाला फ्लेक्स, दहावी पास झाला फ्लेक्स, उद्या कुत्री व्याली तरी अभिनंदनाचा फ्लेक्स लावतील. क्लबाचा रौप्यमहोत्सव आला आणि पोरांनी बुधवारीच मैदानावर कमानीएवढा फ्लेक्स लावला. मधोमध फेटा बांधलेले आबा, खाली सोनेरी अक्षरांत 'मैदानाचे भूमिदाते', आणि त्याखाली गॉगल लावलेले आम्ही सगळे. कुणाच्या, अगदी उस्तादच्याही, मनात काही आलं नाही. मान द्यायचा तर तो चारचौघांना दिसलाच पाहिजे, एवढीच आमची अक्कल.

गुरुवारी मॅच सुरू व्हायच्या आधीच चुलत भावांची मुलं गाड्या भरून आली. "दाते? कुनी दिलं? कवा दिलं? आमची सही हाय का?" त्यांना वाटलं, आबांनी परस्पर जमीन क्लबाच्या नावे केली. उस्ताद हात जोडून सांगत होता, "भाऊ, नुसता मान आहे हो, आत्ता उतरवतो." कोण ऐकतंय! आठवड्याच्या आत चारी बाजूंनी पत्रे ठोकले आणि भाऊबंदकी कोर्टात गेली.

मैदान ना आमचं राहिलं, ना त्यांना मिळालं. आजही पत्र्यांच्या आत कमरेएवढं गवत आहे. तिथे एखादा टॉवर उभा राहिला असता तर निदान विषय तरी संपला असता, असं रागाच्या भरात वाटतं. आम्ही भाड्याचं टर्फ घेऊन पाहिलं, पण ते मिळायचं त्या वेळेला कुणाची ना कुणाची शिफ्ट. संघ हळूहळू विरला. उस्ताद आता शटर ओढून सरळ घरी जातो, फुटबॉलचं नाव काढत नाही. जीव तुटतो, दुसरं काय सांगू.

परवा चिंचवडला एका लग्नात आबा भेटले. फार थकलेत. मी पाया पडलो, म्हटलं, "आबा, आमच्यापायी तुमच्या घरात आग लागली. माफ करा."

त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "त्यो फलेक्स मी आदल्या सांजच्यालाच बघितला हुता. समजलं हुतं मला, ह्ये पेटणार म्हणून. उतरवा म्हणायला एक शबुद लागला असता."

"मग म्हणाला का नाहीत?"

"लई बरं वाटलं रं," आबा म्हणाले. "मला येवढं मोठं कुनी कवा केलंच न्हवतं."